तवा तापेपर्यंत

संध्याकाळी सहा पन्नासला फ्रीजवरचा स्पीकर म्हणाला, "अम्मा आली." आणि जरासा थांबून पुन्हा म्हणाला, "श्रीवत्स आला." बाळकृष्ण हॉलमध्ये सकाळचाच पेपर पुन्हा उलगडून बसला होता. 'अम्मा आली' त्याच्या कानावरून गेलं, ते रोजचंच होतं. 'श्रीवत्स आला' ऐकलं आणि तो उठला. उठून स्वयंपाकघरात गेला, ओट्याखालचा बिडाचा तवा काढला, गॅसवर ठेवला, गॅस पेटवला, तव्यावर तेल फिरवायला अर्धा कांदा लागतो म्हणून टोपलीत हात घातला, आणि कांदा हाताला लागला तेव्हा कुठे त्याला आठवलं की श्रीवत्सला जाऊन सात महिने झाले.

कांदा हातात धरून तो तसाच उभा राहिला. भूतबीत मानणाऱ्यांतला बाळकृष्ण नव्हता. आवडी नावाच्या उपनगरातल्या डिफेन्स फॅक्टरीत तेहतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेली. नट सैल तर सैल, घट्ट तर घट्ट, मधलं काही नाही, असा माणूस. यंत्र चुकलं, त्यानं स्वतःला सांगितलं. यंत्रं चुकतात, माणसांपेक्षा कमी, पण चुकतात. तेवढ्यात जिन्यात हेमावतीची पावलं वाजली. दुसऱ्या मजल्यावर ती नेहमीप्रमाणे थांबली, मग वर आली. हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी पालेभाजीची जुडी. दारातूनच तिनं पाहिलं. नवरा कांदा घेऊन उभा, आणि गॅसवर रिकामा तवा धूर सोडतोय. तिनं पिशवी खाली ठेवली, पुढे होऊन गॅस बंद केला आणि म्हणाली, "कीरै ताजी मिळाली आज." बस, एवढंच. पण पिशवी फरशीवर टेकताना टक् असा आवाज झाला होता, आणि पालेभाजीच्या जुडीचा कधी असा आवाज होतो होय? तिनं जुडीखालून काहीतरी काढलं, पदराआड धरलं आणि आतल्या खोलीत नेलं. कपाटाचं दार कुरकुरलं. बाळकृष्णला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. या घराला माणसं ओळखता येत नव्हती. त्याला फोन ओळखता यायचे. ज्याचा फोन फाटकाशी आला तो माणूस आला, ज्याचा फोन लांब गेला तो माणूस बाहेर. श्रीवत्सचा फोन भाजीच्या पिशवीतून फिरून आला होता.

हे घर बोलायला लागलं त्याला दोन वर्षं होत आली होती. त्यांचा मुलगा श्रीवत्स गिंडीतल्या एका लहानशा कंपनीत होता. दुसऱ्यांच्या बंगल्यांत दिवे, पडदे, पाण्याची मोटर, सगळं आपोआप चालेल आणि काय चाललंय ते भिंत बोलून सांगेल, असली कामं करायचा. "गावाच्या घरांना बोलायला शिकवतो, अन् आमचं घर मुकं," असं हेमावती त्याला चिडवायची. म्हणून बाळकृष्णच्या साठीला त्यानं राउटरशेजारी काडेपेटीपेक्षा जराशी मोठी एक काळी डबी आणून लावली, हॉलमध्ये एक आणि फ्रीजवर एक असे स्पीकर ठेवले, आणि म्हणाला, "अप्पा, आवाज मराठी घेतलाय. वाक्यं तुम्ही सांगा, मी टाइप करतो." पोरगा विचार करायचा तमिळमध्ये, आकडे मोजायचा इंग्रजीत, आणि मराठी बोलायचा ती आईची, तंजावरची, तीनशे वर्षांपूर्वी गाव सोडून आलेली. बाळकृष्ण पडला कराडचा. गेली तीस वर्षं तो दोघांची मराठी सुधारत आला होता आणि दोघं त्याला हसत आले होते. असा पोरगा आपणहून म्हणतो, वाक्यं तुम्ही सांगा! बाळकृष्णनं चष्मा पुसला, वही घेतली. 'धुणं झालं.' 'वरची टाकी भरली, मोटर बंद केली आहे.' 'फ्रीजचं दार उघडं राहिलं आहे.' एकेक वाक्य त्यानं फॅक्टरीतला अहवाल लिहावा तसं तोलून लिहिलं. 'अप्पा आले.' 'अम्मा आली.' 'श्रीवत्स आला.' ते दोन रविवार. आयुष्यात एवढा वेळ बापलेक एका बाकावर कधी बसले नव्हते, हे खरं आहे, आणि पुढे बसणार नव्हते हेही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 'श्रीवत्स आला'नं. कारण हेमावतीचा कायदा: दोसा तव्यावरून थेट ताटात. "गार दोसा म्हणजे चामडं. चप्पल करून घाला," ती म्हणायची. श्रीवत्सच्या यायच्या वेळेला ताळतंत्र नाही. कधी सहा, कधी आठ. तो येऊन हात धुऊन बसला की मग तवा चढायचा आणि भुकेनं पोरगा कासावीस व्हायचा. म्हणून असं ठरलं की तो फाटकाशी आला की घरानं सांगायचं, आणि घरात जो कोणी असेल त्यानं, मग ती असो की तो, उठून तवा ठेवायचा. पण बिडाचा तो तवा तापायला तीन मिनिटं, आणि पोराचे पाय जवान. लिफ्ट नसलेले तीन मजले तो पन्नास सेकंदांत चढून यायचा. श्रीवत्सनं खाली मीटरच्या खोक्याजवळ एक जुना राउटर लावला, म्हणजे फोन फाटकाबाहेरच पकडला जाईल. बाळकृष्ण वर फॅक्टरीतलं स्टॉपवॉच घेऊन. तव्यावर पाण्याचा थेंब टाकायचा, थेंब नाचला की वेळ टिपायची. पोरगा खाली वर, खाली वर, घामाघूम. तरी दोन मिनिटं कमीच पडायची. शेवटी बाळकृष्णनं गॅलरीतून निकाल दिला, "अरे, यंत्राचं झालं तेवढं पुरे, आता तू सावकाश चढ! गाडी लाव, सीट पूस, मग चढ. तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं!" सगळी इमारत ऐकत होती. त्या दिवशीची नोंद वहीत अजून आहे: फाटक ते दार, तीन मिनिटं पाच सेकंद, तवा, तीन मिनिटं, पास. 'पास'खाली त्यानं सही केली होती आणि श्रीवत्सनं त्या सहीशेजारी जीभ काढलेलं तोंड काढलं होतं.

मग काय बिघडलं? बिघडलं म्हणजे असं काही नाही. बाळकृष्ण निवृत्त झाला. हेमावती शाळेत शिकवायला जायची, पोरगा गिंडीला, आणि हा दिवसभर त्या आवाजाबरोबर एकटा. धुणं झालं. टाकी भरली. फ्रीजचं दार उघडं राहिलं आहे. वाक्यं त्याचीच, पण दुसऱ्याच्या तोंडून दिवसभर आपलीच वाक्यं ऐकून पाहा कशी वाटतात ती. तेहतीस वर्षं त्यानं इतरांना सांगितलं होतं, हे असं नाही, ते तसं नाही. आता एक काडेपेटी त्याला सांगायची. तो त्या आवाजाशी भांडायला लागला. "पाहिलं, पाहिलं, आंधळा नाही मी!" रिकाम्या घरात तो ओरडायचा. आणि जुलैमधल्या एका संध्याकाळी श्रीवत्स आला, म्हणजे भिंतीनं सांगितलं की आला. तवा चढला, पोरगा वर आला, फोनकडे बघत बघत चार दोशे खाल्ले आणि उठला. दिवसभर ज्याची वाट पाहिली तो माणसाचा एक शब्दही झाला नाही. बाळकृष्णच्या डोक्यात तिडीक गेली.

"अरे, तू आलास हे मला भिंतीनं सांगायचं? तुला तोंड नाही? पूर्वी दारातून ओरडायचास, अम्मा, मी आलो! खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. कुठे गेला तो आवाज? हे खोकं आल्यापासून घरातली माणसं मुकी झाली. उद्यापासून आलास की तोंडानं सांग, नाहीतर येऊ नकोस!"

शेवटचं वाक्य त्याला म्हणायचं नव्हतं. वाक्याला वजन यावं म्हणून म्हणतात तसं ते म्हटलं गेलं. श्रीवत्सनं मान वर केली, बापाकडे पाहिलं आणि म्हणाला, "सरि, अप्पा." बरं, अप्पा. रागानं नाही, हसूनही नाही. त्या दोन शब्दांचा स्वर नेमका कसा होता हे बाळकृष्ण सात महिने आठवून पाहत होता. कधी त्याला त्यात कंटाळा ऐकू यायचा, कधी माया. कधी नुसतेच दोन शब्द ऐकू यायचे, रोज म्हणतात तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमावती आधीच शाळेला गेली होती. श्रीवत्स निघाला, खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि बाळकृष्णला फ्रीजवर स्पीकरशेजारी त्याचा फोन दिसला. गॅलरी दहा पावलांवर होती. हेच पोरगं शाळेत असताना डबा विसरायचं तेव्हा किती वेळा त्यानं गॅलरीतून हाक मारली असेल! अरे, डबा! अरे, छत्री! तसंच म्हणायचं होतं, अरे, फोन! त्यानं म्हटलं नाही. आधी वाटलं, राहू दे एक दिवस त्याच्याविना, बघू दे जग कसं दिसतं. आणि मग, स्कूटर कोपऱ्यावर वळेपर्यंत, दुसरंच काहीतरी मनात आलं आणि त्याला एकदम बरं वाटलं. हा विसरलेला नाही. मुद्दाम ठेवून गेलाय. संध्याकाळी फोनविना येणार, भिंत गप्प बसणार, आणि हा दारातून ओरडणार, अम्मा, मी आलो. पोरगं ऐकतं आपलं. त्या विचारानं तो दिवसभर इतका खूश होता की दुपारी त्यानं फोन हातात घेतला, बॅटरी संपत आलेली पाहिली, आणि आपल्या खुर्चीशेजारच्या आपल्या चार्जरला, जिथे तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे, तो फोन लावून ठेवला.

संध्याकाळी हेमावती पीठ ढवळून भिंत बोलायची वाट पाहत बसली. सात वाजले, साडेसात वाजले. "आज उशीर करतोय की," ती म्हणाली. बाळकृष्ण पेपराआड हसत होता. त्याला ठाऊक होतं, भिंत आज बोलणार नाही. त्यानं तिला सांगितलं नाही. तिलाही अचानक कळावं, दारातून. त्याच वेळी पाडीच्या पुलाअलीकडे अपघातानंतर रस्त्यावरून उचललेलं त्यांचं पोर सरकारी रुग्णालयात एका खाटेवर होतं, आणि हा कोण, कोणाचा, हे कोणाला माहीत नव्हतं. ओळखपत्र बॅगेत, आणि बॅग रस्त्याच्या कडेला कुठेतरी. फोन असता तर कुलूप न उघडताही दिसणारा एक नंबर त्यानं स्वतःच त्यात भरून ठेवला होता, अम्मा. पाठ असायला नंबर आजकाल कोणाला पाठ असतात! बॅग सापडून, कंपनीचा माणूस शोधून, पोलिसाचा फोन घरी येईपर्यंत आठ वाजून गेले. रिक्षा मिळून ती दोघं पोचली तेव्हा वीस मिनिटं उशीर झाला होता. वीस. नर्स बाळकृष्णला बाजूला घेऊन तमिळमध्ये म्हणाली, तासभर अर्धवट शुद्धीत होता, नाव विचारलं तरी नुसता फोन मागत होता. हे हेमावतीनं ऐकलं की नाही, ते त्यानं कधी विचारलं नाही. फ्रीजवर फोन पाहिला होता, हेही त्यानं कधी सांगितलं नाही. सांगायचं काय? मुलगा तुझ्यावाचून मेला, आणि मी पेपराआड हसत होतो, असं?

तर आता सात महिन्यांनी हे सुरू झालं. दुसऱ्या दिवशीही सहा वीसला हेमावती पिशवी घेऊन निघाली, सहा पन्नासला घर म्हणालं, अम्मा आली, श्रीवत्स आला. तिसऱ्या दिवशीही तसंच. बाळकृष्णचं असं झालं की पाच वाजल्यापासून तो सारखा घड्याळाकडे पाहायला लागायचा. ऐकायचं नाही म्हणून तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा आणि ऐकू येणार नाही या भीतीनं परत आत यायचा. ऐकलं की पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळायचे. तवा ठेवायचा नाही असं ठरवूनही तो ठेवायचा. ती वर यायची, तापलेला तवा पाहायची, आणि त्यावर एक दोसा घालायची. तो दोसा ती त्याच्यापुढे ठेवायची आणि तो म्हणायचा, भूक नाही. मग ती तो झाकून ठेवायची आणि सकाळी कावळ्याला घालायची. बाईचं हे काय चाललंय, त्याला राग यायला लागला. आपल्या दुःखाला हिनं खेळ करून ठेवलाय. पिशवीत घालून रोज फिरवून आणते पोराला, बालवाडीतल्यासारखं! एवढं विचित्र वागायला हिला धीर होतो कसा? आणि मला का नाही होत?

सहाव्या दिवशी ती शाळेत असताना त्यानं श्रीवत्सचा लॅपटॉप उघडला. पासवर्ड वहीत होता. तपासनिसाच्या वहीत सगळं असतं. बोलायच्या वाक्यांची ती यादी समोर आली, प्रत्येक वाक्यापुढे चालू-बंद करायचं एक लहानसं बटण. धुणं झालं. टाकी भरली. त्याचीच वाक्यं, पोराच्या हातानं टाइप केलेली. 'श्रीवत्स आला'वर बाण नेऊन तो थांबला. बंद केलं की झालं, एका बोटाचं काम. पण त्याच पानावर खाली प्रत्येकाच्या येण्याजाण्याची नोंद होती, आणि तपासनीस नोंद वाचल्याशिवाय कशावरच सही करत नाही. त्यानं जुलै काढला. सोळा तारीख, संध्याकाळी सात दहा: श्रीवत्स, घरी. सतरा तारीख: काही नाही. म्हणजे घरीच. घराच्या लेखी श्रीवत्स त्या दिवशी गेलाच नव्हता. तो पाडीच्या पुलाजवळ पडला तेव्हा घरी होता, खाटेवर फोन मागत होता तेव्हा घरी होता, अठरा तारखेला त्याला इथल्याच स्मशानात नेलं तेव्हाही तो घरी होता. अकरा दिवस. अकराव्या दिवशी, दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी, कपाटात त्याच्या घडी घातलेल्या शर्टांवर ठेवलेल्या फोनची बॅटरी संपली, आणि घरानं लिहिलं: श्रीवत्स, बाहेर. त्या वेळी भटजी हॉलमध्ये होते. कोणाला काही कळलं नाही. बाळकृष्णनं तोंडावर हात ठेवला. आवाज फुटला तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. एकसष्ट वर्षांचा माणूस, भर दुपारी, एकटा, लॅपटॉपपुढे ढसाढसा रडला. सात महिन्यांत पहिल्यांदा.

हेमावती शाळेतून आली तेव्हा तो तिथेच बसलेला. घर म्हणालं होतं, अम्मा आली; त्यानं लॅपटॉप मिटायला हवा होता, पण मिटला नाही. तिनं पर्स खुंटीला लावली, पडद्याकडे पाहिलं, त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसली.

"काढायचं असेल तर काढा," ती म्हणाली. "मी भांडणार नाहीं."

"हेमा," तो म्हणाला, आणि त्यानं लॅपटॉप बाजूला सारला. मग एकदम सगळं बाहेर पडलं. "त्या दिवशी सकाळी मी फोन पाहिला होता. फ्रीजवर. तो खालीच होता, गाडी सुरू करत होता. मी हाक मारली नाही. मला वाटलं... आदल्या दिवशी मी बोललो होतो ना, तोंडानं सांग म्हणून. मला वाटलं त्यानं मुद्दाम ठेवला. मी हाक मारली असती तर..."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

त्याला ऐकू आलं, पण समजलं नाही. "काय ठाऊक आहे?"

"सकाळी मी निघाले तेव्हा फोन फ्रीजवर होता, बॅटरी लाल. त्याला म्हटलं, चार्ज कर रे, तर हो हो म्हणाला. दवाखान्यातून आलो तेव्हा फोन तुमच्या खुर्चीजवळ होता, तुमच्या चार्जरला, शंभर टक्के भरलेला. तुम्ही तिथे कोणाला हात लावू देता काय वो?" तिनं पदराच्या टोकाला उगाचच पीळ दिला. "त्याच दिवशी कळलं."

"सात महिने?" तो म्हणाला. "सात महिने तू बोलली नाहीस?"

"तुम्हीही बोलला नाहीं."

"मला शिव्या द्यायच्या होत्यास. काहीतरी म्हणायचं होतंस!"

"म्हणायचं होतं," ती शांतपणे म्हणाली. "पहिला महिनाभर रोज म्हणायचं होतं. स्वयंपाक करता करता मनात म्हणायची, या माणसानं माझ्या पोराला एकटं मरू दिलं. मग तुमच्यापुढे ताट ठेवायची. राग होता वो, खोटं कशाला बोलू? मग तुम्ही दगडासारखे झालांत. रडला नाहीं, ओरडला नाहीं, स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाहीं. दगडावर रागावून काय करायचं?"

खाली कोणीतरी मोटर चालू केली होती, तिचा घुर्र आवाज येत राहिला. बाळकृष्णनं विचारलं, कारण आता विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं, "तो विसरला होता, की ठेवून गेला होता?"

हेमावतीनं पदराचा पीळ सोडवला. "तो विसरायचाच," ती म्हणाली. "डबा विसरायचा, छत्री विसरायची, परीक्षेला पेन विसरला होता. मी सांगेन विसरला म्हणून. पण तुम्हाला ते पटणार नाहीं, आणि मलाही रोज पटत नाहीं."

"मग हे कशासाठी?" त्यानं पिशवीकडे बोट केलं. "रोज त्याला नेतेस, आणतेस. ते वाक्य ऐकायचं म्हणून?"

"मला कोठे ऐकू येतं ते?" ती म्हणाली. "मी फाटकाशी असते तेव्हा ते बोलतं. मी वर येईपर्यंत बोलून झालेलं असतं. पहिल्या दिवशी मी का नेला ते मलाच माहीत नाहीं. दोन दिवस आधी बंद ठेवूनच चार्ज केला होता, बाहेर कोठे बसून चालू करीन, त्याचे फोटो पाहीन म्हणून. पिशवीत टाकला, बस. वाटलं, जरा हवा लागू दे. वर आले तर तुम्ही कांदा हातात घेऊन उभे, आणि तवा तापलेला. सात महिन्यांनी माझ्या घरात कोणीतरी तवा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी म्हणून पुन्हा नेला." तिचा आवाज इथे फाटला. तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मी नाहीं वो ऐकलं एकदाही. ते वाक्य मी शेवटचं ऐकलं ते सोळा तारखेला."

सहा वाजून गेले होते. बाळकृष्ण उठला. कपाटातून फोन काढला, शर्टाच्या खिशात ठेवला. काळजावर एवढासा भार आला. स्वतःचाही फोन घेतला. दारात चपला घालताना त्यानं मागे पाहिलं. ती उठली नव्हती, पण पाहत होती. "पीठ आहे?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "आहे."

तो तीन मजले उतरला, फाटकाबाहेर पडला, कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापलीकडे गेला. पाच मिनिटं तरी लांब राहावं लागतं, नाहीतर घर माणूस गेला असं धरतच नाही. हा नियमही बापलेकांनी मिळून घातलेला. देवळापुढे फुलवाली मल्लिगैचे, मोगऱ्याचे, गजरे मोजत होती, कारखान्यातून सुटलेल्या स्कूटरी एकामागून एक अंबत्तूरच्या गर्दीत घुसत होत्या, आणि प्रत्येक हेल्मेटमध्ये आपला पोरगा आहे असं क्षणभर वाटायचं ते आजही वाटलं. पाच मिनिटं त्यानं घड्याळावर मोजली, दोन वर मोजली, आणि परत फिरला. फाटकाशी आला तेव्हा खिशात काही थरथरलं नाही, काही वाजलं नाही. पण वर, तिसऱ्या मजल्यावर, फ्रीजवरचा स्पीकर आता म्हणाला असेल. अप्पा आले. श्रीवत्स आला. ऐकलं असेल तिनं. ऐकून काय झालं असेल तिचं, देव जाणे. वर धावावं असं त्याला वाटलं. गुडघे असे, तरी धावावं. पण तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. श्रीवत्स स्कूटर लावायचा त्या रिकाम्या जागेपाशी तो थांबला, मग जिना चढायला लागला. सावकाश. पहिला मजला. कठड्यावर हात. घाई नाही. दुसरा मजला, हेमावती थांबते तिथे तोही थांबला आणि कान देऊन उभा राहिला. वरून काहीच ऐकू येईना. तिनं तवा ठेवला नसेल. का ठेवावा तिनं? कोणासाठी? मग वास आला. तापलेल्या बिडावर तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवला की येतो तो. बाळकृष्णनं कठडा घट्ट धरला आणि उरलेल्या पायऱ्या त्याला नीट दिसेनात.

दार उघडं होतं. दारातून ओरडायचं त्यानं ठरवलं होतं, निदान मी आलो एवढं तरी, पण तोंडातून शब्द निघाला नाही. हेमावती पाठमोरी उभी होती, खांदे हलत होते, आणि तव्यावर दोसा पसरत होता. ओट्यावर तिनं ताट मांडलं होतं, श्रीवत्सचं, स्टीलचं, कडेला त्याचं नाव कोरलेलं. दोसा तिनं त्या ताटात टाकला आणि मागे न पाहता ताट त्याच्याकडे सरकवलं.

"त्याचा तुम्ही खा," ती म्हणाली. "गार झाला की चामडं होतं."

तो ओट्याशीच उभा राहिला, पोरगा उभा राहायचा तसा, आणि गरम गरम खायला लागला. तिनं दुसरा घातला.